उजेड कोणाच्या कोळशाचा?

१९४७ सालच्या हिंवाळ्यानें ब्रिटनची जी दैना केली तिच्या कथा त्या देशांतील वृद्ध माणसें अजूनहि सांगतात. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत बर्फ हटेना. खाणींतून निघालेला कोळसा वाटेंतच अडकून पडला, कारखाने थांबले आणि घरोघरची वीज दिवसांतून कित्येक तास तोडण्याची पाळी सरकारवर आली. महायुद्ध जिंकलेल्या त्या राष्ट्राला पावसुद्धां शिधापत्रिकेवर घ्यावा लागत होता. अशा त्या सालीं, ऑगस्टच्या ज्या महिन्यांत आपल्या देशांत स्वातंत्र्याचे दिवे लागले त्याच महिन्यांत, स्कॉटलंडच्या राजधानींत, एडिंबरो शहरीं, संगीत व नाट्य यांचा तीन आठवड्यांचा एक मोठा उत्सव भरला.

कल्पना मुख्यतः रूडॉल्फ बिंग या गृहस्थांची. ते जन्मानें व्हिएन्नाचे, हिटलरच्या उदयानंतर इंग्लंडांत आलेले, आणि ग्लाइंडबोर्न येथील संगीतनाटकांच्या उत्सवाचे व्यवस्थापक. नगराध्यक्ष सर जॉन फॉल्कनर यांनीं ती उचलून धरली. युद्धानें फाटलेला युरोप कलेच्या धाग्यानें पुन्हा शिवावा, असा एकंदर हेतु. तो केवळ शोभेचा नव्हता, हें एका गोष्टीवरून दिसतें. व्हिएन्नाचा विख्यात वाद्यवृंद या उत्सवास आला आणि त्याचें नेतृत्व करावयास ब्रूनो वॉल्टर आले. वॉल्टर ज्यू होते. १९३८ सालीं ऑस्ट्रिया नाझींच्या घशांत गेला तेव्हां हा वृंद व तें शहर, दोन्हींना ते पारखे झाले होते. आणि मधल्या काळांत त्याच वृंदांतील कित्येक वादक नाझी पक्षाचे सभासद झालेले होते. अशीं हीं माणसें पुन्हा एका रंगमंचावर बसलीं आणि त्यांनीं माहलरचें 'पृथ्वीचें गीत' वाजविलें. गावयास कॅथलीन फेरियर होती. हीच रचना १९११ सालीं, रचनाकाराच्या मृत्यूनंतर, म्यूनिक येथें पहिल्यानें लोकांपुढें आणली तीहि वॉल्टर यांनींच.

परंतु आज मला सांगावयाची आहे ती गोष्ट संगीताची नव्हे, दिव्यांची आहे. शहराच्या मध्यावर एका काळ्या कड्यावर एडिंबरोचा किल्ला उभा आहे. उत्सवाच्या रात्रीं तो प्रकाशझोतांत उजळून निघावा असें नगरवासीयांच्या मनांत आलें. इंधनखात्याचे मंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनीं नकार दिला. देशाला पुढचा हिंवाळा काढावयाचा असतां दगडी भिंतींवर उजेड पाडण्यास कोळसा कोठून द्यावयाचा? मंत्र्यांचें म्हणणें वावगें होतें असें कोण म्हणेल? तेव्हां गांवच्या लोकांनीं आपापल्या घराच्या वाट्याचा कोळसा या कामासाठीं देऊं केला. मंत्र्यांचें मन वळलें, आणि किल्ला उजळला.

हा प्रसंग वाचला तेव्हांपासून माझ्या मनांतून जात नाहीं. नुकताच भोगलेला हिंवाळा त्या लोकांच्या हाडांत होता. येणारा कसा जाईल याची शाश्वती नव्हती. अशा वेळीं शेगडींतला कोळसा किल्ल्याच्या भिंतीवर जाळावयास काढून देणें हा शुद्ध वेडेपणा नव्हे काय? व्यवहाराच्या दृष्टीनें आहेच. पण प्रत्येक खऱ्या उत्सवांत असा थोडा वेडेपणा असतो, आणि तो नसेल तर उत्सव व सभा यांत फरक काय उरतो? आमच्या आजीच्या तोंडीं एक वाक्य नेहमीं असे: ऋण काढून सण करूं नये. तिनें 'सण करूं नये' असें मात्र कधीं म्हटलें नाहीं. सणाच्या दिवशीं घरांत असेल तें तूप वाढतांना तिचा हात आखडलेला मीं पाहिला नाहीं.

आतां दुसरें एक चित्र. माझा भाचा गेलीं कांहीं वर्षें एडिंबरो येथें नोकरीस आहे. २०२२ सालच्या ऑगस्टांत त्यानें तेथील रस्त्यांचीं छायाचित्रें पाठविलीं. उत्सव ऐन भरांत होता, आणि नेमक्या त्याच वेळीं कचरा उचलणाऱ्या कामगारांनीं वेतनवाढीसाठीं बारा-तेरा दिवस संप केला होता. किल्ल्याकडे जाणाऱ्या त्या ऐतिहासिक रस्त्यावर कचऱ्याच्या पेट्या तुडुंब भरून वाहत होत्या. कागदी पेले, खाण्याचे डबे आणि नाटकांचीं हस्तपत्रकें यांचे ढीग दुकानांच्या पायऱ्यांशीं लागले होते. त्या ढिगांमधून वाट काढीत रसिक नाटकाला जात होते. लोकांनीं याला शहराची लाज म्हटलें. मला तसें वाटलें नाहीं. दर वर्षीं होतच होतें तें त्या वर्षीं फक्त दिसलें. कामगारांनीं नवा कचरा केला नव्हता, जुन्या व्यवस्थेचा पडदा तेवढा बाजूला सारला होता.

उत्सवहि आतां १९४७ चा राहिलेला नाहीं. त्या पहिल्या वर्षीं आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसतां येऊन थडकल्या व त्यांनीं मुख्य उत्सवाच्या कडेकडेनें आपले खेळ केले. या 'काठावरच्या' उत्सवाला पुढें 'फ्रिंज' हें नांव पडलें आणि काठ पदरापेक्षां कितीतरी मोठा झाला. २०१९ सालीं एकट्या फ्रिंजमध्यें ३,८०० हून अधिक खेळ लागले व सुमारें ३० लक्ष तिकिटें गेलीं. शहराची वस्ती मात्र पांच लक्षांच्या आसपास. पुस्तकांचा उत्सव, लष्करी वाद्यांचा सोहळा व चित्रपटांचा उत्सव यांची जत्रा निराळीच.

या जत्रेनें पृथ्वीवर पडणारा भार कमी करावा, असा विचार तेथें चालू आहे, आणि तो प्रामाणिकपणें चालू आहे हें मान्य केलें पाहिजे. पेले परत घ्यावे, पत्रकें छापूं नयेत, नेपथ्याच्या फळ्या पुढल्या नाटकाला द्याव्या, दिवे कमी विजेचे लावावे. हीं सारीं कामें चांगलीं आहेत व त्यांविषयीं वाद घालण्यासारखें कांहीं नाहीं. पण कोणत्याहि मोठ्या उत्सवाचा हिशेब मांडूं गेलें असतां असें आढळतें कीं, सर्वांत मोठा आंकडा पेल्यांचा नसतो, दिव्यांचाहि नसतो. तो येणाऱ्याजाणाऱ्यांच्या प्रवासाचा असतो. लंडनहून एडिंबरोस आगगाडीनें सुमारें साडेचार तासांत जातां येतें, तरीहि त्या मार्गावर विमानें भरून जातात. मग समुद्रापलीकडून येणाऱ्यांची कथा काय सांगावी? म्हणजे उत्सवाला जें भूषण वाटतें, 'आमच्याकडे इतक्या देशांचे लोक येतात', तेंच त्याच्या ऋणाचें मुख्य कलम. कागदी पेला सोडणें सोपें आहे, कारण त्यावर कोणाचें प्रेम नसतें.

येथें खरा नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मतें तो सामान्यतः चुकीच्या जागीं उभा केला जातो. एक पक्ष म्हणतो, कला ही मानवाची उच्चतम कृति. लष्करें, सिमेंटचे कारखाने व व्यापारी जहाजें यांच्या मानानें तिचा धूर तो केवढा. तिला तरी सूट द्या. दुसरा पक्ष म्हणतो, पृथ्वी तापत असतां उत्सव कसले करतां? पहिल्याला मी एवढेंच विचारीन कीं, कर्ज लहान आहे हें 'तें कोणाच्या नांवावर काढलें?' या प्रश्नाचें उत्तर होतें काय? आणि दुसऱ्याला एडिंबरोच्या त्या नगरवासीयांकडे बोट दाखवीन. त्यांनीं दिवे विझविले नाहींत. त्यांनीं उधळपट्टीच केली, पण ती आपल्या शेगडींतल्या कोळशाची केली. ज्या डोळ्यांनीं उजेड पाहिला त्याच डोळ्यांच्या धन्यानें थंडी सोसण्याची तयारी ठेविली. ही वर्गणी होती. वर्गणी आणि उधारी यांत जो भेद आहे त्यावरच सगळें अवलंबून आहे, असें मला वाटतें. प्रश्न किती जळलें हा दुय्यम आहे. कोणाचें जळलें हा पहिला.

आजच्या उत्सवाचा कोळसा कोणाचा? विमानांतून निघालेला कार्बन डायऑक्साइड वायु शेंकडों वर्षें वातावरणांत राहतो. त्याचा ताप सोसणारे लोक त्या नाट्यगृहांत बसलेले नसतात. बहुतेकांनीं त्या शहराचें नांवहि ऐकलेलें नसतें, आणि पुष्कळ तर अद्याप जन्मासच आलेले नाहींत. म्हणजे आजीच्या वाक्याची मर्यादाहि आपण ओलांडली. ऋण काढून सण करणारा निदान आपल्या सहीनें कर्ज काढतो. येथें सही दुसऱ्याची आहे. मराठींत याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणें म्हणतात, आणि त्या म्हणींतला उपहास असा कीं, तुळशीपत्र ठेवणाऱ्याला आपण दानधर्म केला असें मनापासून वाटत असतें.

यावर एक तोड सांगण्यांत येते. जितका वायु सोडला तितका शोषून घेतील एवढीं झाडें कोठेंतरी लावण्यासाठीं पैसे द्यावे म्हणजे फिटंफाट झाली. आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांस ही युक्ति नवी वाटणार नाहीं. कृच्छ्रासारखें कडक प्रायश्चित्त ज्याच्यानें होत नाहीं त्यानें त्याऐवजीं गाय द्यावी, गाय नसेल तर तिचें मोल द्यावें, असे 'प्रत्याम्नाय' शास्त्रकारांनीं सांगून ठेविले आहेत. त्यांत दुर्बलांविषयीं करुणा होती हें खरें. पण उपास न घडतां पाप फिटूं लागलें म्हणजे उपास करणारे कमी होतात, हाहि अनुभव जुना आहे. झाडें अवश्य लावावीं. तीं मोठीं होण्यास तीस-चाळीस वर्षें लागतात आणि मध्यें वणवा लागूं शकतो, हें मात्र पावती घेतांना विसरूं नये.

याच्या उलट एक उदाहरण मला आवडतें. बिंग ज्या ग्लाइंडबोर्नहून आले तेथील संगीतनाटकांचा उत्सव १९३४ पासून चालू आहे. मंडळी भारी पोषाख करून हिरवळीवर फराळ करीत बसतात. थोडासा थट्टेचाच विषय आहे तो. पण २०१२ सालीं या लोकांनीं जवळच्या टेकडीवर ६७ मीटर उंचीची एक पवनचक्की उभारली, आणि वर्षाकांठीं नाट्यगृहाला लागते साधारण तितकी वीज ती देते. सुंदर टेकडी विद्रूप होईल म्हणून भोंवतालच्या लोकांनीं पुष्कळ विरोध केला. विरोधकांच्या सौंदर्यदृष्टीला मी नांवें ठेवीत नाहीं. तथापि आपल्या करमणुकीचा भार आपल्याच डोळ्यांसमोर फिरत ठेवावा, दूरच्या कोणा खाणकामगाराच्या गांवावर टाकूं नये, यांत मला एक प्रकारची सभ्यता दिसते. प्रेक्षकांच्या मोटारी व विमानें मात्र त्या चक्कीच्या हिशेबांत येत नाहींत.

विमानाच्या प्रश्नाला सरळ भिडलेला एक कलावंत मला माहीत आहे. झेरोम बेल हा फ्रेंच नृत्यकार. २०१९ सालीं त्यानें स्वतःसाठीं व आपल्या मंडळीसाठीं विमानप्रवास सोडला. दूरच्या शहरांत त्याचें नृत्य व्हावयाचें असेल तर तो तेथल्याच नर्तकांना सूचना पाठवितो, तालमी दूरदृश्याच्या साधनानें घेतो, आणि प्रयोग स्थानिक माणसें करतात. गवयाऐवजीं चीज प्रवास करते म्हणा ना! घराण्यांच्या बंदिशी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या अशाच फिरल्या.

परंतु या त्यागाकडे पाहतांना आमच्यासारख्यांच्या मनांत एक कडवट शंका आल्यावांचून राहत नाहीं. युरोपचे कलावंत शंभर वर्षें जगभर हिंडले. आतां इतरांची पाळी आली तेव्हां 'कोणीच उडूं नये' हा नियम निघावा काय? १९८० सालीं पुण्याच्या मंडळीनें 'घाशीराम कोतवाल' घेऊन युरोपचा दौरा केला. जाण्यापूर्वींच केवढें रण माजलें तें पुष्कळांस आठवत असेल. पण मराठी रंगभूमीवर माणसांची भिंत कशी नाचते, गाते व क्षणांत मोडते हें युरोपच्या प्रेक्षकांनीं प्रत्यक्ष पाहिलें, तें कागदावरील सूचना पाठवून दाखवितां आलें असतें काय? नसतें. त्या विमानांच्या धुराचें मला दुःख होत नाहीं, आणि होत नाहीं हें मी मोकळेपणानें सांगतों.

मग नियम तरी कोणता? एडिंबरोच्या गोष्टींत एक वस्तु अशी आहे कीं जिच्याकडे पहिल्या वाचनांत लक्ष जात नाहीं, ती म्हणजे शिधापत्रिका. १९४७ सालीं कोळसा मोजून मिळे. प्रत्येक घराचा वाटा ठरलेला होता, म्हणूनच त्यांतून कांहीं काढून देतां आलें. ज्याला वाटाच नाहीं तो देणार काय? आज हवेची शिधापत्रिका कोणाजवळ नाहीं. म्हणून आज जो तो म्हणतो कीं माझ्या एकट्याच्या प्रवासानें काय होतें, आणि जो सोडतो त्याचा त्यागहि कोठें जमा होत नाहीं. तेव्हां उत्सवानें स्वतःपुरती अशी एक पत्रिका बांधून घ्यावी, असें मला सुचवावेंसें वाटतें. येण्याजाण्यासह सगळ्या उत्सवाचा मिळून अमुक इतकाच धूर, आणि तोहि दर वर्षीं थोडा कमी, अशी मर्यादा उघडपणें जाहीर करावी. मग त्या मर्यादेंत काय उजळावयाचें याचा वाद खुशाल होऊं द्यावा. दरसाल येणारा प्रसिद्ध वाद्यवृंद पुन्हा बोलवावा, कीं आजवर न आलेल्या एखाद्या मंडळीला तिचें पहिलें विमान द्यावें? साडेतीन हजार खेळ हवेत, कीं हजारच आणि आलेल्या मंडळीनें महिनाभर राहून, आगगाडीनें आजूबाजूचीं गांवें करून परतावें? त्या वादांत कटुता येईल, कोणाचें तरी तिकीट हुकेल, पैसा बुडेल. पण त्यांत प्रथमच दोन गोष्टी एकमेकींसमोर येतील. आज कोणतीच गोष्ट कशासमोर येत नाहीं.

पैसा बुडण्याचा मुद्दा कल्पनेंतला नाहीं. २०२३ सालीं ग्रेटा थुनबर्ग हिनें एडिंबरोच्या पुस्तक-उत्सवांतील आपला कार्यक्रम रद्द केला, कारण उत्सवाला देणगी देणाऱ्या गुंतवणूक-पेढीचा कांहीं पैसा खनिज तेलाच्या धंद्यांत होता. पुढल्या वर्षीं उत्सवानें त्या पेढीशीं असलेला सुमारें वीस वर्षांचा संबंध तोडला. पेढीचें म्हणणें, तो पैसा फारच थोडा. उत्सवापुढें प्रश्न उरला तो हा कीं आतां खर्च कोणी भरावयाचा. मला दोन्ही बाजूंची कींव आली. तरीसुद्धां 'थोडा' हें उत्तर मीं वर नाकारलेंच आहे, तें येथें स्वीकारतां येत नाहीं.

एक कबुली द्यावयाची राहिली. एडिंबरोचें जुनें टोपणनांव 'ऑल्ड रीकी' असें आहे, म्हणजे 'धुरकट म्हातारी'. घरोघरच्या धुराड्यांनीं हें शहर इतकें काळवंडलें होतें कीं त्याच्या दगडांचा मूळ रंग लोक विसरले. ज्या कोळशाच्या दानाची मी एवढी स्तुति केली त्याचाहि धूर याच आकाशांत गेला, आणि त्यांतला कांहीं अंश आज माझ्याहि डोक्यावर आहे. म्हणजे तो कोळसा तरी पूर्णपणें त्यांचा होता काय? आरेनिअसनें १८९६ सालींच कोळशाच्या धुरानें पृथ्वी तापेल असें गणित मांडलें होतें. १९३८ सालीं कॅलेंडर या इंग्रज अभियंत्यानें ती तापूं लागल्याचें दाखविलें होतें. पण हें कांहीं एडिंबरोच्या गृहिणींना ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. आपल्याला जें दिसत होतें तेवढ्या सगळ्याचा मोबदला त्यांनीं आपल्या पदरचा देऊं केला. माणसाकडून याहून अधिक अपेक्षितां येत नाहीं. आम्हांला त्यांच्याहून पुष्कळ अधिक दिसतें, एवढीच अडचण आहे.

हा सारा विचार मला निवांतपणें करतां आला असता, पण भाच्याचें पत्र आलें आहे. "मामा, येत्या ऑगस्टांत याच. माहलर आवडतो ना तुम्हांला? ज्या सभागृहांत वॉल्टरनें वाजविलें तेथें तुम्हांला बसवतों." 'पृथ्वीचें गीत' मी चाळीस वर्षें तबकड्यांवर ऐकत आलों, प्रत्यक्ष एकदांहि नाहीं. आमच्या नागपुराहून तेथवर जाऊन येण्यास माझ्या एकट्याच्या नांवें एक टनाहून अधिक वायु सुटेल, आणि या देशांत सरासरीनें एका माणसाच्या वाट्याला वर्षाकांठीं सुमारें दोन टन येतो. ढोबळ हिशेब केला आणि मनाशीं ठरविलें कीं जावें, परंतु त्यापायीं तीन उन्हाळे घरांतील गारव्याचें यंत्र लावूं नये. हा माझा कोळसा.

लेख येथवर झाल्यावर घरांत वाचून दाखविला. सौभाग्यवतींनीं शांतपणें ऐकून घेतला व विचारलें, "अहो, त्या लोकांनीं कोळसा देऊं केला तो ऑगस्टांत ना? आणि शेगडी लागते जानेवारींत. तुम्ही आतां मार्गशीर्षांत पांघरुणांत बसून गारव्याचें यंत्र सोडतां आहां. शिवाय तें माझ्याहि खोलींत आहे. मला कोणी विचारलें नाहीं."

उत्तर वैशाखांत कळवितों, असें मीं भाच्याला लिहिलें आहे.